लिफ्टच्या डोक्यावर माझी खोली

ता. ४ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

घरच्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट! आता तू गाडीखाली पाठीवर न सरपटता ताठ उभी राहून नट आवळणार, या आनंदात मी इथे एकटाच नाचलो. सध्या बोटी रंगवतोय. काल एकीला मोठ्ठे डोळे काढले, मालक म्हणाला... जाऊ दे ते. लिफ्टचे खांब जुन्या फरशीवर रोवू नकोस हं, गाडीसकट आडवे होतील. जाड काँक्रीट, आत सळ्यांची जाळी. पुलाच्या कामावर आठवडाभर टिकलो होतो, तेवढीच माझी विद्या. आणि छताची उंची मोजलीस ना?

माया पातळ होऊ देऊ नकोस,
भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मोजली रे, पण नुसत्या लिफ्टची! तिच्यावर गाडी चढते हे मी आणि बाबा, दोन-दोन मेकॅनिक, साफ विसरलो. गाडीचा टप छताला आपटणार. बाबा म्हणाले, छत फोडू, वर भिंगरीची तर खोली, तो राहतो कधी तिथे? आई म्हणाली, फोडाच, निदान गाडी तरी त्या खोलीत नांदेल. हसून पुरेवाट झाली. पण खरं सांग, फोडू का?

तुझी, रागावलास तरी तुझीच,
ताई

ता. २२ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

फोडू नका! खोली नको, नको म्हणत मीच गावभर हिंडतो, कबूल. पण तीच नसली तर मी निघालो कुठून म्हणून सांगू? छत राहू दे, जमीन खाली घ्या. फरशी उखडायचीच आहे, आणखी दोन फूट खणा, मग काँक्रीट ओता.

घाईत, पण लोभ पुरेपूर,
भिंगरी

ता. ३० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गवंडी म्हणाला, घराच्या पायाला धक्का न लावता खणता येईल, दाराशी उतार करू. पण ओतल्यावर रोज पाणी मारायचं आणि महिनाभर खांबांना हात लावायचा नाही. बाबा तर दुसऱ्याच दिवशी गाडी चढवतील! त्यांना अडवायला तू महिना घरी बसतोस? नाहीतर छत फोडते.

आशीर्वाद आहेत, दमही आहे,
ताई

ता. ७ एप्रिल

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

अख्खा महिना! एका जागी! इथले रंगारी पोट धरून हसले. हसू देत, येतोय. पाणी मारीन, बाबांना दारात अडवीन, पाय फारच शिवशिवले तर उतारावर वरखाली पळेन. पहिली गाडी चढवशील तेव्हा मी वर माझ्या खोलीत जमिनीला पाठ टेकून पडणार. खालून ठोसा बसला तर ओरडतो. नाही बसला तर मला झोपू दे.

पोचेपर्यंत जीव लावून ठेव,
भिंगरी