कॉइलच्या काळ्या पिना

गडचांदूर,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

डोमाभाऊ,

रामराम. गुलाबवहिनीले नमस्कार, पोरींले आशीर्वाद. इथी सगळे बरे आहेत. थंडी लागली तशी दुर्गाचे गुडघे कुरकुरून राह्यले. नात रांगते आता, घरात काही खाली ठेवायची सोय नाई. फोन तू उचलत नाईस, म्हणून हा कागद.

मशीनबद्दलच लिहितो आहे. दुसरं काही मनात धरू नको.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तू आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचा पट्टा बदलून गेलास. आठ दिवसांनी पाणी तापणं बंद. ड्रम फिरे, पाणी भरे, पण काचेले हात लावला तर थंडगार. नातीची दुपटी गरम पाण्याशिवाय निघत नाईत. आधी मी सूनबाईवर, उर्वशीवर, संशय घेतला.

"तूच थंड्याचं बटन दाबत असशील."

"बाबा, तुम्हीच दाबा न. मी इथी उभी राहून पाहते."

दाबलं. थंडच. मग आपल्या इथल्या चुनखडीच्या पाण्यावर संशय. शेवटी मागचं झाकण काढून बॅटरी मारली, तर पाणी तापवायच्या कॉइलच्या दोन्ही पिना काळ्याकुट्ट. दोन वर्षांची कॉइल अशी दिसते का? मले वाटलं, ही आपली नाईच. कोणीतरी जुनी बसवून आपली नेली.

कोणीतरी म्हणजे कोण, ते तुले ठाऊक आहे.

कॉइल तपासायचा मीटर खुंटीलेच टांगला होता. पंचवीस वर्षं विजेच्या कामात दुसऱ्याले सांगत आलो, आधी मोज, मग बोल. अन मी मोजलं नाई. सरळ बापूरावच्या चहाटपरीवर जाऊन बोललो. किती मोठ्यानं, ते तुह्या कानावर आलंच असेल.

काल उर्वशी म्हणाली, नवी कॉइल तरी आणा. नवी बसवायची तर जुनी काढावी लागते. काढायच्या आधी हात सवयीनं मीटरकडे गेला. सत्तावीस ओहम. कॉइल चांगली! बाहेर ओढली तर तिच्यावर आपल्याच बोरच्या पाण्याचा पांढरा थर, दोन वर्षांचा. डोमा, कॉइल आमचीच होती. मग पिनांवरचं काळं नखानं खरवडलं. खालून लाल-पिवळं निघालं.

हळदकुंकू.

दसऱ्याले तू मशीनच्या बाहेरच्या पत्र्याले टिळा लावतोस. मले ते कधी पटलं नाई. जे काम करते, त्याची पूजा. म्हणून यंदा दसऱ्याले मीच झाकण उघडलं, दोन्ही वायरा उपसल्या, उघड्या पिनांले ओलं हळदकुंकू लावलं, हात जोडले, अन त्याच्यावरच वायरा परत खोचल्या. थोडे दिवस चाललं, मग ते जळत जळत कोळसा झालं. पिना घासून वायरांची टोकं नवी केली. पाणी तापते आहे.

दुपटी वाळत घालताना दुर्गा इतकंच म्हणाली, "डोमाभावजीले तुम्ही सांगता, का मी सांगू?"

आज सकाळी टपरीवर गेलो. सगळ्यांसमोर सांगतलं, चूक माही. बापूराव काय म्हणाला, ऐक : "भैयाजी, तुमचं मन लय मोठं. चोरालेही झाकून घेता." तिथंच चहा पीत बसलेल्या आशाबाईनं हळूच विचारलं, "वापस आणून दिली का त्यानं?" मी जितकं नाई-नाई म्हणावं, तितका मी मोठा होत गेलो अन तू लहान. कप तसाच ठेवून घरी आलो.

गुलाबवहिनी बाजारात दुर्गाले सांगून गेली, शनिवारी दुकान उचलून तुम्ही अहेरीले चालले. तू असा गेलास तर त्यांचंच खरं होते, भाऊ.

शुक्रवारी सकाळी टपरीवर ये. मी तिथी असेन. माह्यासमोर उभा राहून तुले जे म्हणायचं ते म्हण, सगळ्यांनी ऐकावं असं म्हण. शिव्या घाल. मी मान वर करणार नाई. माह्या माफीवर त्यांचा विश्वास नाई. तुह्या रागावर बसेल.

मग जायचंच ठरलं तर सामान मी चढवून देतो.

तुले चोर म्हणणारा,
भैयाजी