चौदा नंबरची हजेरी

२ फेब्रुवारी, मंगळवार

पोचले. तीन ट्रंका, एक गादी, शिलाई मशीन आणि मी, सगळे धडधाकट. टेम्पोवाल्याने वाटेत चारदा विचारलं, बाई, एवढ्या लांब एकट्याच राहणार का? पाचव्यांदा विचारलंस तर बाकावर उभं करीन म्हटल्यावर गप्प बसला.

घर वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं आहे. पुढे-मागे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागच्या दाराला ओटा, ओट्याशी नळ. नळापुढे साडेतीन एकर जमीन, पार टोकाच्या विहिरीपर्यंत. तीस वर्षांत कुणी नांगर लावलेला नाही. मूठभर माती उचलून पाहिली. इतकी चांगली माती आणि इतकी वर्षं वाया!

लढाई संपली तेव्हा सरकारपाशी शिपायांना द्यायला पैसा नव्हता, जमीन होती. ह्यांच्या पलटणीतल्या बावीस जणांना पलटणीतल्या नंबरांप्रमाणे ती वाटून दिली. बाकीचे येऊन राहिले, हे एकदाही आले नाहीत. का, असं विचारलं की वर्तमानपत्र वर उचलायचे. ऑक्टोबरात हे गेले आणि ट्रंकेच्या तळाशी जमिनीची सनद सापडली. डिसेंबरात मला शाळेचं घर सोडावं लागलं. लेकीला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन मैत्रिणीच्या खोलीत पथारी टाकून राहते आहे. तेव्हा ही सनद म्हणजे देवच पावला.

वाटेत जमीन कचेरीत गेले. वारसाने सलग एकवीस दिवस इथे राहिलं की जमीन नावावर होते. मी चौसष्ट वर्षांची. आधी माझ्या नावावर, मग लेकीच्या, असे दोनदा खेटे कशाला घालायचे? राहीन मी, नाव लेकीचंच घाला, म्हटलं. कारकून म्हणाला, असं कुणी करत नाही. मी म्हटलं, मग आता करा.

सनदेत एक वाक्य आहे: 'धारकाने व त्याच्या वारसांनी आपली जागा सोडू नये.' आम्ही कशाला सोडतोय!

३ फेब्रुवारी

नळाचा वायसर बदलला. रात्रभर ठिबकत होता.

इथे अकरा-अकरा घरं समोरासमोर आहेत, मधून रुंद रस्ता. प्रत्येक फाटकाशी नंबर कोरलेला दगड. नावाने कुणी कुणाला हाकच मारत नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, चौदा नंबर, दूध हवंय का? मी म्हटलं, मला नाव आहे आणि पदवीही आहे. ती म्हणाली, असू दे हो, दुधात काय घालायचीय? बाई तोंडाळ आहे. आवडली.

सकाळी सातला हजेरी होते. खरीखुरी! पलटणीतला शेवटचा जिवंत माणूस म्हणजे म्हातारा हवालदार, ऐंशीच्या पुढचा. कडक इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि नंबर पुकारतो. घरटी एक जण पायरीवर येऊन 'हजर' म्हणतो. कुणाचा मुलगा, कुणाची विधवा, एक सून तर कणकेच्या हातांनी आली. एकतीस वर्षं मी हजेरी घेतली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. मला हे फार पसंत पडलं.

मी चहा गाळत होते तेवढ्यात 'चौदा' ऐकू आलं. किटली खाली ठेवून दारापर्यंत जाते आहे, तोच मागून, विहिरीच्या बाजूने, पुरुषी आवाजात खणखणीत 'हजर'. हवालदार पंधरावर गेलासुद्धा.

कुणीतरी आमच्या जमिनीत घुसून बसला आहे. बघते त्याच्याकडे.

५ फेब्रुवारी

सातच्या आधी विहिरीवर जाऊन उभी राहिले. ऊन पडलं होतं, चहूकडे कमरेच्याही खाली गवत. लपायला जागा नाही.

मैत्रिणीच्या नावाने खोटी हजेरी देणारी मुलगी मी वहीतून मान वर न करता पकडायची. आवाज बदलता येतो, आवाजातली घाई लपत नाही. एका पोरीने बहिणीची हजेरी दिली म्हणून तिला मी आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. बहीण तापाने फणफणली होती हे नंतर कळलं. तरी शिक्षा कमी केली नाही.

'चौदा' झालं. माझ्यापासून दोन हातांवर कुणीतरी 'हजर' म्हणालं. त्या आवाजात घाई अजिबात नव्हती. नुसता थकवा होता.

तिथे कुणी नव्हतं. गवतात हातभर जागा मात्र बोडकी आहे, माती दगडासारखी ठोकलेली. तिच्यात दोन पावलांचे खोल ठसे. टाचा घराकडे, बोटं बाहेर माळाकडे. रोज एकाच जागी उभं राहून पडावेत तसे.

८ फेब्रुवारी

हवालदाराला गाठलं. म्हणाला, चौदा नंबर एकतीस वर्षांत एकदाही गैरहजर नाही. मी म्हटलं, अहो, आमच्या माणसाने इथे पाऊल ठेवलं नाही, आणि आता तर तो जगातही नाही. तर म्हणे, मी बघत नाही बाई, मी ऐकतो. आवाज आला की पुढचा नंबर.

उद्यापासून चौदा पुकारू नका, असं बजावलं. मला वाटलं रागावेल. माझ्याकडे दयेने बघत होता. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, आवाज बसला. सातला अंथरुणात पडल्या पडल्या त्याने रस्त्यावरून सगळे बावीस नंबर पुकारलेले ऐकले. त्याच्याच आवाजात. तेव्हापासून आपणच पुकारलेलं बरं, म्हणाला.

आज एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. हे रोज सकाळी सातला थबकायचे. दात घासत असले तरी नळ बंद करायचे, हात शरीराला चिकटवून, ओठ घट्ट मिटून मिनिटभर उभे. मी म्हणायची, पलटण सुटली, सवय सुटली नाही. एकतीस वर्षं हसले मी त्या सवयीला.

११ फेब्रुवारी

शेजारणीला चहाला बोलावून सरळ विचारलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असूनच आलात! तिच्या नवऱ्याने तिला सांगितलेलं तिने मला सांगितलं.

ह्यांच्या तंबूत एक उंच माणूस होता, सगळे त्याला लांब्या म्हणत. एका सकाळी पहाऱ्याची पाळी ह्यांची होती. हे गुपचूप पलीकडच्या गावी पत्र टाकायला गेले. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. पहाऱ्यावर नसणाऱ्याला शिक्षा गोळीची. म्हणून सातला चौदा पुकारलं तेव्हा लांब्या 'हजर' म्हणाला आणि ह्यांच्या जागी जाऊन उभा राहिला. आठ वाजता तोफा सुरू झाल्या. हे परत आले तेव्हा तिथे बूट होते. दोनच.

त्याला जमीन नाही, दगड नाही, सनद नाही. आणि त्याचा पहारा अजून बदललेला नाही. बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, शेजारीण म्हणाली, माझ्या माणसाने इथे राहून आपला नंबर आपण दिला, तुमच्या माणसाने दिला नाही. कप पालथा घालून ती घरी गेली.

१३ फेब्रुवारी

ते पत्र माझ्यापाशी आहे. ट्रंकेतून काढून वाचलं. बारा ओळी. थंडी फार आहे. मोजे पाठव. राखाडी नकोत, मळखाऊ पाठव.

ह्या बारा ओळींसाठी.

आमची लेक त्यानंतर तीन वर्षांनी झाली.

१५ फेब्रुवारी

आज ठसे ओट्यापासून वीस पावलांवर आहेत. विहीर तिथून दीडशे पावलं. दोनदा मोजलं.

आणि आता टाचा विहिरीकडे आहेत. बोटं घराकडे.

१६ फेब्रुवारी

पहिल्या गाडीने कचेरी. लेकीचं नाव काढा, माझं घाला, म्हटलं. कारकुनाने हसून कागद पुढे केला. कधी नव्हे ते सरकारने घाई केली होती. तेवीस तारखेपासून चौदा नंबरची धारक माझी लेक. तिच्यामागे वारस, माझी नात. वय वर्षे चार. तो रकाना मी भरलाच नव्हता. नियमच आहे, कारकून म्हणाला, रिकामा ठेवत नाहीत.

नाव काढता येत नाही. त्याखाली पुढचं चढवता येतं, एवढंच.

मी त्याच्यावर ओरडले. त्याने काय केलं होतं? अर्ज माझ्या अक्षरात होता. सुवाच्य.

१८ फेब्रुवारी

दुकानातून लेकीला फोन केला. येऊ नकोस, म्हटलं. छप्पर गळतं, साप आहेत, पाणी खराब आहे, सुचेल ते सांगितलं. ती म्हणाली, आई, तू खोटं बोलायला लागलीस की तुझा आवाज शाळेतल्यासारखा होतो. मैत्रिणीचा भाऊ येतोय, खोली सोडली आहे. आता आम्ही जायचं कुठे ते तूच सांग.

साप आहेत, असं मी पुन्हा म्हटलं.

मग हसत म्हणाली, तुझ्या नातीने बाबांची सवय उचलली बघ. रोज सातला बेसिनपाशी नळ बंद करते आणि ताठ उभी राहते. बाबांना असं करताना तिने कधी पाहिलंसुद्धा नाही ना गं?

काल तर तिने तोंडही उघडलं होतं, लेक म्हणाली. काहीतरी म्हणणार होती. मी ब्रश कोंबला.

२० फेब्रुवारी

'चौदा.' उत्तर नाही.

हवालदार थांबला. सगळी पायऱ्यांवरची माणसं माझ्या घराकडे बघत होती. सुनेच्या हातातली परात तशीच. किती वेळ गेला कोण जाणे. मग अगदी मागच्या दाराशी, उंबऱ्यापलीकडे, कसंबसं — हजर.

तो दमला आहे. उद्या म्हणेल, परवा — आणि तेवीसला? तेवीसला नात इथे असेल, दात घासायला ती ओट्यावरच येणार. चार वर्षांचं पोर, उत्तर द्यायची हौस —

२१ फेब्रुवारी

शेजारणीला एकच विचारलं. नंबर लेकीचा असला तरी दुसऱ्या कुणी आधी उत्तर दिलं तर?

तिने हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, लांब्याने काय केलं होतं? हवालदार ऐकतो हो, बघत नाही. जो आधी बोलेल तो उभा राहील.

किती वेळ, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे ती.

२२ फेब्रुवारी

दोघी आल्या, दिवेलागणीला. नात खांद्यावर झोपलेली. लेक दारातूनच म्हणाली, कुठे आहेत तुझे साप? मग ओट्यावर उभी राहून जमीन बघत राहिली. हे सगळं आपलं? असं तीनदा विचारलं. कडेला शेवगा लावू, म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आलेले पाहिले.

तिला किल्ल्या दिल्या. शिलाई मशीनला तेल कधी घालायचं ते सांगितलं. वायसर कुठे मिळतात ते सांगितलं. ती म्हणाली, अगं आई, उद्या सांग ना. तू काय पळून चाललीस?

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पावणेसात. वही आणि पेन्सिल घेऊन मागे आले आहे. ठसे ओट्यापासून चार पावलांवर, बोटं पुन्हा माळाकडे. चपला काढून ठशांत उभी राहिले. घराकडे पाठ करून. पाय बरोबर बसले. एवढ्या उंच माणसाचे, आणि माझे —

माती गार नाही. कोमट आहे. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

मागे दार वाजलं. नात ओट्यावर आली. आजी, तू तिकडे काय करतेस? मी म्हटलं, दात घास. नीट घास. आजीकडे बघू नकोस.

नळ सुरू झाला.

हवालदाराचा खाकरा. एक. दोन. तीन. आज किती सावकाश —

अकरा.

नळ बंद झाला.

बारा. पोरीचा श्वास ऐकू येतो आहे. तेरा. जिला आठवडाभर बाहेर उभं केलं होतं, तिचं नावही मला आठवत नाही. चौ

दिली. नातीच्या आधी हजेरी दिली. शाळेतल्या आवाजात, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

कुणीतरी माझ्या कानाशी लांब श्वास सोडला. जड बूट गवतातून निघून गेले. पंधरा. सोळा.

लेक बाहेर आली आहे. आई कुठे गेली गं, असं पोरीला विचारते. मी चार पावलांवर आहे. ओरडले. दोनदा. पोर म्हणते, होती इथे, आता नाही.

अगं, इथेच —

पाय उचलत नाहीत. मान वळत नाही. समोर माळ. माळावर कुणी नाही. अजून तरी.

पेन्सिल बोथट होत चालली आहे.

नळ सुरू झाला. पुन्हा. सात वाजून गेले तरी चालूच आहे. पोरगी पाणी उडवते आहे, हसते आहे, आई तिला ओरडते आहे, वायसर नवा आहे हळू फिरव —

छान. फक्त एकदाच मागे वळून तिचं तों