सूनबाईचं आठवीचं इंग्रजी

सोमवार, ३ फेब्रुवारी

सूनबाई पुन्हा आठवीला बसते आहे! वय एकोणचाळीस. बाहेरून.

रुग्णालयातून आली ती हातात कागद घेऊनच. माझा मुलगा वारल्यापासून नऊ वर्षं ती तिथल्या चादरी-कपड्यांच्या कोठारात रोजंदारीवर आहे. कोठार सांभाळणाऱ्या मोठ्या बाई आता निवृत्त होतात. जागा कायमची, राहायला खोलीसुद्धा. पण आठवी पास पाहिजे. बाकीचे विषय तिचे केव्हाच सुटले, इंग्रजी दोनदा राहिलं. नऊ मार्चला तिसऱ्यांदा. तेव्हाही गेलं तर जागा दुसऱ्या कुणाला.

"बाबा, तुम्ही घ्याल का माझा अभ्यास?"

घेईन का म्हणजे काय! चौतीस वर्षं छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली मी. इंग्रजीचीसुद्धा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कवितेपासून सुरुवात केली. आमच्या सातवीच्या वर्गातली, म्हाताऱ्या कोळ्याची. आमचे मास्तर ती डोळे मिटून म्हणायचे, आणि हातातला खडू लाटेसारखा वरखाली व्हायचा. खिडकीतून ऊन यायचं, त्यात खडूची भुकटी तरंगायची. पासष्ट वर्षं झाली, एक ओळ विसरलो नाही. अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला, पण कानात नाद होता ना!

सूनबाई खाली मान घालून लिहून घेत होती. "पाठ करू?" म्हणाली. कर म्हटलं. पाठांतराशिवाय भाषा अंगी लागत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज तिने अख्खी कविता म्हटली. एकदाही अडखळली नाही. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर टपकला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वा! पण हे परीक्षेला आहे का?"

मी सूनबाईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"नाहीये, बाबा. पुस्तक बदललं त्याला बरीच वर्षं झाली."

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके रमला होता. कसं सांगायचं?"

कंपाउंडर म्हणाला, "घ्या! आजार एक आणि औषध भलतंच. आमच्या दवाखान्यात असं केलं असतं तर पेशंट वरती आणि मी आत!"

सहा दिवस गेले. उरले सव्वीस.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सरावाच्या पाच प्रश्नपत्रिका आणल्या. पाठीमागे उत्तरं आहेत. ती पानं कापून माझ्या कपाटात ठेवली.

रविवार, १६ फेब्रुवारी

पहिली प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतली. शंभरापैकी सत्तावीस. पास व्हायला पस्तीस.

येत नाही म्हणून नव्हे — वेळ पुरला नाही. न पाहिलेल्या उताऱ्यावरच पाऊण तास गेला. शब्दाखाली पेन्सिल ठेवून अक्षर न् अक्षर वाचत होती. ही खोड कुणाची? माझीच! गेले दहा दिवस मी असंच वाचायला लावतोय. प्रुफं अशीच वाचतात. वेलांटी सुटू नये म्हणून वाक्य सुटलं तरी चालतं. आयुष्यभर मी इंग्रजी तपासलं, वाचलं कुठे?

आता नवी पद्धत. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. सोपं आधी. अडलं की पुढे. चार पर्यायांतले उघड चुकीचे दोन खोडायचे. जागा कोरी सोडायची नाही. हे सगळं मला कंपाउंडरच्या नातीने सांगितलं, पाच मिनिटांत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काळ. वर्तमान, भूत, भविष्य. सूनबाईला भूतकाळ चटकन जमतो. मला तर दुसरा येतच नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुसरी प्रश्नपत्रिका. तेहतीस.

उतारा नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो, नाव बंद पडते. शेवटी नावाडी नाव किनाऱ्याला बांधतो, घरी जातो आणि ऊन अंगावर येईपर्यंत झोपतो. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. प्रश्न — नावाड्याला काय वाटलं? दुःख, राग, भीती की सुटका?

ती लिहीत असताना मी मागून म्हणून गेलो, "बिचारा! जन्माचं दुःख झालं असेल." तिने दुःखावर खूण केली.

नंतर उत्तरांची पानं काढली. उत्तर — सुटका. चष्मा पुसून कागद पुन्हा बघितला. सुटकेच्या चौकटीत पेन्सिलीची खूण होती, खोडरबराने पुसलेली. तिला बरोबर आलं होतं! मी बोललो म्हणून पुसलं.

"अगं, तुला कळलं होतं ना?"

"हो. झोपला म्हटलंय ना पोटभर. दुःखात झोप लागते का?"

"मग पुसलंस का?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

साधं बोलली. तक्रार नव्हती त्यात.

मग मागचे सगळे कागद काढून बघितले. अशा खुणा आणखी पाच. पाच ठिकाणी ती बरोबर होती आणि पाचही ठिकाणी मी बोललो होतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

अभ्यास घेतला नाही. बरं नाही म्हणून सांगितलं.

हे कुणाला बोललेलो नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची. सातवीनंतर शाळा सुटलेली. तीनच महिन्यांनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात फॉर्म. आठवीचा, बाहेरून. तोसुद्धा स्वतः जाऊन आणला होता. "बाबा, भरू का?"

मी प्रुफं बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "आधी घरात जरा रूळ. मग बघू."

वीस वर्षं बघितलंच नाही. तिने परत विचारलं नाही; रुग्णालयात लागल्यावर स्वतःच फॉर्म भरला. आणि त्या दिवशी माझ्या पुढ्यात काय होतं? मुलींच्या शिक्षणावरचा धडा. त्यातला एक स्वल्पविराम मी दुरुस्त केला होता, चांगला आठवतोय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज तिला म्हटलं, "मी रोज शिकवताना मुद्दाम तीन चुका करणार. पकडायच्या. नाही पकडल्यास तर माझी हार."

"तुमची चूक मी कशी काढू?"

"तोंडाने."

हसली नाही. पहिली चूक सोडून दिली, दुसरीही सोडली. तिसरीला पेन्सिल थांबली. "बाबा, हे... असं नसावं बहुतेक."

"बहुतेक?"

"नाहीये असं!" म्हणाली आणि स्वतःच दचकली.

रविवार, २ मार्च

त्रेचाळीस!

आज तीनच्या जागी चार चुका पकडल्या. चौथी मी मुद्दाम केलेली नव्हती. पुस्तक काढून वाद घातला, हरलो. कंपाउंडर दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. "वहिनी, सोडू नका त्यांना! चौतीस वर्षं लोकांच्या चुका काढून जगलेत!"

ती इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. मुलगा गेल्यानंतर अशी हसलेली मी बघितली नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

पाचवी प्रश्नपत्रिका. मी तोंडातून ब्रही काढला नाही, गॅलरीत जाऊन बसलो. एकोणपन्नास.

शनिवार, ८ मार्च

दोन पेनं, पट्टी, खोडरबर, ओळखपत्र. सगळं तिनेच काढून ठेवलं.

मी म्हटलं, "खोडरबर कशाला नेतेस?"

"लागलं तर."

"नको नेऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत टाकलं. बरोबर केलं. मी काय, काहीही बोलतो.

रविवार, ९ मार्च

परीक्षा झाली. केंद्राबाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. आजूबाजूला तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आईबाप. एकाने विचारलं, "तुमचा नातू का?" मी म्हटलं, "सून." तो थोडा सरकून बसला.

बाहेर आली ती घामाघूम. कसा गेला, विचारलं नाही. तीच म्हणाली, "एकही जागा कोरी सोडली नाही."

सोमवार, १२ मे

पास! छप्पन्न! कंपाउंडरने जिना डोक्यावर घेतला.

मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलंय. एक तारखेपासून कोठार तिच्या ताब्यात. खोली रुग्णालयाच्या आवारातच, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. दुपारभर मनात सामान लावत होतो. माझी खाट खिडकीशी, पुस्तकं खाटेखाली, तिची चूल पलीकडे. सकाळचं ऊन पुस्तकांवर येईल. जुन्या पुस्तकांना ऊन चांगलं. जिने मात्र चढवतील का?

तिला अजून बोललो नाही. तीच विचारेल.

शनिवार, ३१ मे

सूनबाई आज गेली.

"बाबा, मी तिथे एकटीच राहणार आहे," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "दर रविवारी येईन. जेवणाचं खालच्या खानावळीत बोलून ठेवलंय, तिखट कमी म्हणून सांगितलंय."

मी बरं म्हटलं. पिशवी उचलायला पुढे झालो, तर म्हणाली, "राहू द्या, जड नाहीये."

खरंच नव्हती. वीस वर्षं या घरात होती, आणि सगळं एका पिशवीत मावलं.