दोन टाक्यांची पंगत

तीर्थरूप कुंतामावशीस,

समीक्षाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मांडी घालून बसू नको, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. देवळीला घरी पोचल्यावर ते किती पाळलंस हे तुला विचारत नाही (काकांना विचारलं आहे). मी ठीक आहे. मासे ठीक आहेत की नाहीत हे मला कळेनासं झालं होतं, आणि फोनवर तू मध्येच "जेवली काय?" विचारतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र.

तू गुडघा दाखवायला आठवडाभर पिपरीला माझ्या खोलीवर होतीस तेव्हा खिडकीखाली दोन काचेच्या टाक्या होत्या (प्रयोगशाळेत वायरिंगचं काम निघालं म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या परवानगीने आणलेल्या). डाव्या टाकीत मी रोज तपकिरी बाटलीतून चांदीचे अतिसूक्ष्म कण सोडायचे, उजवीत काहीच नाही. हल्ली मोज्यांना वास येऊ नये म्हणून त्यांतही अशी चांदी घालतात. ती धुण्याच्या पाण्यातून नाल्यात जाते, नाल्यातून माशात. जुनं जवसाचं तेल जसं खवट होतं, तशी माशाच्या यकृतातली चरबी तिच्यामुळे बिघडू लागते. मासाही गप्प बसत नाही. बचावासाठी तो कॅटालेज नावाचा पदार्थ जास्त तयार करतो. तो किती वाढला हे मोजायचं, एवढाच माझा प्रयोग. उजवी टाकी तुलनेसाठी. तीच बिघडली तर माझं वर्ष गेलं.

पहिल्याच दिवशी, बाटलीत चांदी आहे हे ऐकून तू विचारलंस, "काऊन वं, इकडच्या मासोळ्यांले काऊन नाई देत?" मी म्हटलं, नियम आहे. "असा कसा नियम? एकाच्या पानावर वाढते अन् बाजूच्याले कोरडं ठेवते?" त्यानंतर तू काही बोलली नाहीस. मी याला होकार समजले (संपूर्ण प्रयोगात न तपासलेलं गृहीतक हे एकच).

तू गेलीस त्याच आठवड्यात मोजणी केली. दोन्हीकडे कॅटालेज सारखंच वाढलेलं. मी नळाचं पाणी तपासलं, हवेचा पंप बदलला, रसायनं नवी मागवली. शेवटी स्वतःवरच शंका घेऊन टाक्यांवर 'डावी' आणि 'उजवी' असे कागद चिकटवले. घरमालक रूपरावजी म्हणाले, "नजर लागली असन, मिरच्या ओवाळून टाक." आमच्या जयवंता मॅडमनी शांतपणे विचारलं, उजवीकडचे मासे सहानुभूतीने आजारी पडले का? पुढच्या मोजणीत तर उजवीकडचे मासे आपोआप बरे झालेले, डावीकडचे तसेच. बिघडण्याचं कारण सापडलं नव्हतंच, आता सुधारण्याचंही सापडेना.

काल रूपरावजींची सून काजल सहज बोलून गेली, "तुमच्या मावशी लय मायाळू बाई! तुम्ही आंघोळीले गेल्या की रोज उजवीकडच्यांले वाढत. म्हणत, पोरगी एवढी शिकली पण तिले पंगत वाढता येत नाई. चांदीचं पाणी त लेकरांले चांगलं असते." मी तिला चहा दिला आणि तपकिरी बाटली उजेडात धरून पाहिली.

मी रागावलेली नाही. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
समीक्षा

ता. क. मॅडम म्हणतात, चांदी बंद झाल्यावर मासे कसे सावरतात, हे आता उजव्या टाकीवरून दाखवता येईल. मात्र रोज किती चांदी पडली ते माहीत हवं. शुक्रवारी माझं काम तपासणारी समिती बसते आहे. त्याआधी रोज किती टाकलंस ते कळव. 'थोडंसंच' आणि 'हातचं राखून नाही' ही मापं समितीला चालत नाहीत. चमचा कोणता होता, तेही लिही.

ता. क. २. या वर्षी पुन्हा नक्की ये. टाक्या तोपर्यंत कॉलेजात गेलेल्या असतील.

ता. क. ३. तुझ्या हातून उजवीत गेली असेल तेवढी जास्तीत जास्त धरली, तरी बाटलीत चांदी कमीच भरते. इथे होतीस त्या आठवड्यात "किती वाळली वं" म्हणत तू मला रोज सकाळी हळदीचं दूध द्यायचीस. मावशी, त्यात फक्त हळदच होती ना?