विझवलेल्या आगी

आलापल्ली,
चैत्र वद्य पंचमी, १९५४

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर डोके ठेवून प्रमिलेचा नमस्कार.

मी बरी आहे. डाकबंगल्यात जेवणाची सोय आहे. तुमच्या गुडघ्यांना तेल कोण लावते? धाकटी कुमुद बाबा कधी येणार म्हणून विचारते का?

हे अजून सापडले नाहीत. फ्लाइंग क्लबातल्या जुन्या विमानाच्या साऱ्या खोडी ह्यांना ठाऊक होत्या. मित्राचे विमान पहिल्यांदाच हाती घेतले आणि नागपूरची वाट चुकून या सागवानाच्या जंगलावर आले.

परवा जवळच्या गावची सुकरी नावाची बाई भेटली. विमान हरवले त्या सांजेला मोहाची फुले वेचण्यासाठी गावकऱ्यांनी झाडांखालचा पाचोळा पेटवला होता. रडत म्हणाली, "बाई, इमान डोक्यावर फिरून राह्यलं होतं. आमाले वाटलं, जंगलखात्याचा सायब वरतून आगी पाहून राह्यला. दंड करन म्हून साऱ्या इझवल्या."

आत्याबाई, त्या अंधारात ह्यांना तेवढाच उजेड दिसत असेल. पण तिच्यावर राग धरू नका. मलाही धरता आला नाही.

विमान हरवल्याचे कळल्यापासून ती रोज सांजेला मोकळ्या शेतात जाळ करते. पेट्रोल त्याच रात्री संपले असेल, हे मला कळते. तिला कसे सांगू? काल मीही दोन काटक्या घातल्या.

शोध थांबला आहे. उद्याच्या जीपने मी निघते, एकटीच.

देवापाशी समई लावून ठेवा. वात एकच पुरे, तेल जपून घाला. पण मी आल्यावरही ती विझवू नका.

तुमची सून,
प्रमिला