तिसऱ्या ओळीतली जास्तीची अक्षरं

आई,

परवा दादाच्या मुलीची पाठवणी आहे, आणि तू म्हणायचीस ती ओवी मी म्हणणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मीही मान डोलावली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

सारखं तेच जुनं दिसतं: भाईंदर पूर्वेच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात तू कोलंबी सोलते आहेस आणि मी एम.ए.ची वही घेऊन ओट्याला टेकून उभी आहे. लोकगीताचं रसग्रहण लिहायचं होतं, आणि मी तुझीच ओवी निवडली होती. ‘उंबऱ्यात उभी लेक, मागे वळून पाहीना, आई हातची घागर, खाली ठेवीना ठेवीना.’ या पहिल्या दोन ओळी; प्रत्येकीचे दोन तुकडे, आठ-आठ अक्षरांचे, यमक चोख. तिसऱ्या ओळीत मात्र पाच अक्षरं जास्त आणि यमकाचा पत्ता नाही. बोटांवर मोजून मी तुला ते दाखवलं, जणू तू गणितात नापास झाली होतीस. मग ती ओळ खोडून माझी लिहिली: ‘डोळां दाटले गं पाणी, काही बोलता येईना.’ खाली शेरा लिहिला, ‘रस: करुण.’ तू म्हणालीस, “ती आई रडत नाय गो, रागावलीय लेकीवर. आणि त्या लांब ओळीत मी दम घेते.” मग पुढची कोलंबी उचलत म्हणालीस, “पण तू शिकलेली. तुझंच बरोबर असंल.”

तू ती ओळ हट्टानं पाठ केलीस. माझा केवढा अभिमान होता तुला. बेव्हर्ली पार्कच्या हॉलवर शेजारणीच्या मुलीच्या लग्नात म्हणायला उभी राहिलीस आणि नेमकी तिथेच अडकलीस. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. “आंटी, रहने दो, सीडी लगाते हैं,” कुणीतरी म्हणालं. तू हसून खाली बसलीस. त्यानंतर कुणाच्याच पाठवणीला तू तोंड उघडलं नाहीस, आणि दीड वर्षात तूच गेलीस. तुझी मूळ ओळ विचारायची राहून गेली, असं मी लोकांना सांगते. खरं तर माझी हिंमत झाली नाही.

आता तुझी ओळ मला आठवत नाही. तांदळाचं काहीतरी होतं, आणि निघालेल्या लेकीला दिलेली एक शिवी होती, एवढंच. वही काढून पाहिली, तर पेन इतकं दाबून खोडलंय की कागद फाटलाय. मावशीलाही येत नाही. परवा मी माझी ओळ म्हणेन आणि सगळे म्हणतील, अगदी आईसारखं.

ओवीत अक्षरांचं बंधन सैल असतं, हे पुस्तकात छापलेलं होतं. ते पान मी तुझ्याकडे येण्याआधीच वाचलं होतं. तुझी शिवी सरांना दाखवायची मला लाज वाटत होती, म्हणून मी अक्षरं मोजली.