निळा झालेला ग्रह

ता. ४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

म्हणजे परत खापर माझ्याच डोक्यावर! पोरीनं अभ्यास केला नाही की मामा वाईट, पोरगी मोबाइलला चिकटली की मामा वाईट. आता तर तू माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतचंच आहे.

अगं, मी नि चिमणी मोबाइलवर खेळतो तो खेळ मारामारीचा नाही. आकाशात ग्रह असतात, दोघांचे आपापले. माझे निळे, चिमणीचे पिवळे. मी तोफा बांधतच नाही. नाटकघरं बांधतो, वर प्रसारणाचा उंच मनोरा. माझी गाणी तिच्या ग्रहांवर पोचतात. तिथली माणसं स्वतःची गाणी विसरून माझी म्हणायला लागली की ग्रह आपोआप निळा. एक गोळी न झाडता! परवा तिचा शेवटचा पिवळा ग्रहसुद्धा गेला, तर वेडी रडायचं सोडून टाळ्या वाजवत होती. यात मी काय बिघडवलं?

भावजींना नमस्कार. तुझी कंबर कशी आहे?

रागावलीस तरी तुझाच,
भिंगरी

ता. १५ जून

चि. भिंगरीस, अ. आ.

फोनवर तू गोड बोलून मला गुंडाळतोस, म्हणून कागदावरच बोलते. कंबर बरी आहे, डोकं ठिकाणावर नाही. चिमणी शालान्त परीक्षेचा अर्ज भरायला तयार नाही. मुदत महिनाअखेर. म्हणते, मामा चौथीत शाळा सोडून साहेब झाला, मी कशाला पुस्तकं घोकू, मीही मामाकडेच जाते. तुझा तो काचेच्या केबिनमधला, फिरत्या खुर्चीतला फोटो तिनं आरशाला चिकटवलाय.

परवा तिच्या बापानं स्वतः शिवलेला झगा तिला दिला, तर म्हणाली, मामाकडे असलं कुणी घालत नाही. हे शिलाई मशीनवर जाऊन बसले, पण पायडल काही हललं नाही.

तू तिला कधी ये म्हणालास का, एवढंच कळव. खरं कळव.

काळजीत असलेली,
ताई

ता. २४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ये असं मी कधीच म्हणालो नाही. म्हणायची गरजच पडली नाही, हीच तर लाज आहे. खेळातसुद्धा मी कुणाला बोलावत नाही.

ती केबिन बसडेपोच्या साहेबांची. मी तिथली काच पुसतो, बाकी वेळ बस धुतो. साहेब जेवायला गेले होते, जोडीदाराला म्हटलं, काढ एक फोटो. गमबूट टेबलाखाली लपवले. ‘असलं कुणी घालत नाही’ हेही माझंच, फुशारकीत बोललो होतो. मी रोज घालतो ती पँट भावजींनीच शिवलेली आहे, ताई. तीन वर्षं पाण्यात भिजतेय, एक टाका उसवला नाही.

काल मी खेळातला माझा मनोरा पाडला. चिमणीनं लगेच विचारलं, मामा, असं का केलंस. सांगायला तोंड कुठं होतं? मनोरा पडला की ग्रह हळूहळू आपल्या रंगावर येतो. किती दिवसांत, ते मात्र खेळ सांगत नाही.

सोबत दुसरा फोटो आहे. गमबूट, हातात नळी, कानापर्यंत चिखल. आधी चिमणीच्या हातात दे, मग भावजींच्या. ते हसले तर मला कळव.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
भिंगरी

ता. क. अर्जाची फी भावजींकडून घेऊ नकोस. ती मी भरतो. माझ्याकडे होते तेवढे पाठवलेत, साडेआठशे.